मेलेल्या राजाचा वन्स मोअर

चेलो मी शिकले ते एका खुर्चीच्या बदल्यात. हे मी आजवर अनेकांना सांगितलं आणि प्रत्येकाला वाटलं, मी गंमत करते आहे. गंमत नाही. सरावलीच्या आमच्या नाट्यमंडळाला गणपतीतल्या नाटकासाठी दरवर्षी सिंहासन लागायचं, आणि अख्ख्या डहाणूत सिंहासन म्हणून खपेल अशी खुर्ची एकच होती, गुलूबाईंच्या दिवाणखान्यातली. काळ्या लाकडाची, उंच पाठीची, हातांवर सिंहाची तोंडं कोरलेली, बसायला लाल मखमल. गुलूबाई इराणी. एकट्या राहायच्या. त्यांची चिकूची वाडी आमच्या मागच्या कुंपणापासून सुरू व्हायची. त्या वर्षी बाबा खुर्ची मागायला गेले तेव्हा मी त्यांच्याबरोबर होते. गुलूबाईंनी माझे हात उलटेसुलटे करून बघितले, बोटं ताणून बघितली आणि म्हणाल्या, "मास्तर, गेल्या साली तुम्ही खुर्चीचा पाय मोडून आणला. आ वखते खुर्ची घेऊन जा, पण छोकरीला तारण ठेवा." बाबा हसले. गुलूबाई हसल्या नाहीत. खुर्ची बैलगाडीतून गेली आणि मी तिथेच राहिले.

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक भलंमोठं व्हायोलिन भिंतीला टेकून उभं होतं. निदान मला ते तसंच वाटलं. गुलूबाईंनी मला स्टुलावर बसवलं, ते वाद्य माझ्या गुडघ्यांमध्ये उभं केलं, हातात गज दिला आणि सगळ्यांत जाड तारेवरून ओढायला सांगितला. जो आवाज निघाला तो कानाला लागलाच नाही, थेट पोटात लागला. कुंपणापलीकडे आई बोंबील वाळत घालत होती. ती ओल्या हातांनी धावत आली. "गुलूबाई, म्हैस अडकली का हो कुठे?" तेव्हापासून आमच्या घरात चेलोला म्हैस म्हणतात. "विजू, म्हैस दोहून झाली असेल तर जेवायला ये," अशी हाक आई मरेपर्यंत मारायची.

खुर्ची गणपतीनंतर परत गेली, पण मी काही परत आले नाही. शाळा सुटली की दप्तर टाकून कुंपणाच्या फटीतून वाडीत. गुलूबाईंच्या घरात चिकू पिकत घातलेले असायचे. त्या खोलीतला गोड, जरासा आंबूस वास, गवती चहा आणि पुदिना घालून उकळलेला त्यांचा लालभडक चहा, त्यात बुडवायला कडक बटर. आणि समोर नोटेशनचा स्टँड. आमच्या घरी याच्या उलट. सुक्या बोंबलाची चटणी, गरम भात, आणि बाबांची पेटी. बाबा तलासरीच्या शाळेत मास्तर होते. सकाळी अंधारातच एसटी धरायचे, संध्याकाळी धुळीने माखून परत यायचे, आणि पाय धुतले की लगेच पेटीवर. मंडळाच्या नाटकांतली पदं तेच बांधायचे. कुठलीही चाल कानावर पडली की त्यांना तिच्यात शब्द भरल्याशिवाय चैन पडायचं नाही. त्यामुळे आमच्या घरात कोणी नुसतं गुणगुणत नसे. गुणगुणलेल्या सुराला लगेच राजा, राणी, सारथी आणि वियोग चिकटायचा.

गुलूबाईंना हे वाद्य मुंबईतल्या कुण्या म्हाताऱ्या इटालियन बँडवाल्याने शिकवलं होतं. मायदेशी परतताना तो आपली नोटेशनची ट्रंक त्यांच्याकडे ठेवून गेला. त्या ट्रंकेत दुसरं काही नव्हतं, नुसत्या फँटसिया. फँटसिया म्हणजे काय, ते मला त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं. "जो दिकरी, तिकडे लोक ऑपेराच्या मागे पागल होते. गाण्याचं नाटक. राजा गातो, राणी गाते, मरताना पण गातात. नाटक संपलं, लोक घरी गेले, तरी गाणी डोक्यातून जाय नाय. मग चेलोवाला काय करतो? ती गाणी उचलतो. पहिले सीधं वाजवतो, जसं राणी गाते तसं. मग एकेक दागिना चढवतो. मग अजून. छेल्लेमां, एकदम शेवटी, असा दौडतो, असा दौडतो, की लोक खुर्चीवर उभे!" त्यांची स्वतःची बोटं तेव्हाच संधिवाताने वाकडी झाली होती. त्या वाकड्या बोटांनी हवेत दौडून दाखवायच्या.

त्यातली एक फँटसिया माझी झाली. एका राणीचं गाणं होतं. तिला सोडून जाणाऱ्या नवऱ्याला ती थांब म्हणते. संथ, लांबलचक चाल, नंतर तिच्यावर चढत जाणारे तीन फेर. दुसऱ्या फेरात डाव्या हाताचा अंगठाच तारेवर आडवा टाकून अगदी वरच्या टोकाला जायचं, तिथे ती चाल बारीक आवाजात टांगून ठेवायची आणि मग एका दमात खाली कोसळायचं, थेट जाड तारेपर्यंत. अंगठ्याला घट्टा पडेपर्यंत मी तो फेर घोटला. तो घट्टा अजून आहे. बाबांनी एकदा कुंपणाशी उभं राहून हे ऐकलं आणि वाडीत शिरले ते ओरडतच. "अगं, हे तर पद आहे! चक्क नाट्यपद! आधी दोन ओळी साध्या, मग आलाप, मग ताना. या इटलीवाल्यांना कोणी शिकवलं हे?" त्याच संध्याकाळी त्यांनी त्या चालीत शब्द भरले. "थांबवी रथा, सारथ्या, क्षणभरी." पुढच्या गणपतीत राणीच्या तोंडी ते पद आलं, आणि एका इटालियन राणीचं गाणं सरावलीत तोंडपाठ झालं. आई मासे साफ करताना ते म्हणायची. "सारथ्या"वर तिचा कोयता बरोबर बोंबलाच्या मुंडीवर पडायचा.

आता मेलेल्या राजाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. संगीत नाटकात पद रंगलं की लोक "वन्स मोअर" ओरडतात आणि नटाला ते पुन्हा म्हणावं लागतं, नाटक तिथेच थांबवून. आमच्याकडे याला अपवाद नव्हता. एका वर्षी बाबा राजा होते. गुलूबाईंच्या खुर्चीत बसून, छातीत बाण घेऊन, एक पद म्हणत त्यांना मरायचं होतं. ते म्हणाले आणि मेले. मान लाल मखमलीवर कलंडली. आणि मागून आरोळी, "वन्स मोअर!" बाबा उठले, बाण नीट केला, अख्खं पद पुन्हा म्हणाले आणि पुन्हा मेले. कोणीही हसलं नाही. हसण्यासारखं त्यात काय होतं? पहिल्या रांगेत गुलूबाई बसल्या होत्या, डोळे पुसत. "आमच्या उस्तादच्या गावी पण अस्संच," त्या म्हणाल्या. "मेलेल्याला उठवायचे. पब्लिकने मागितलं तर द्यायला जोईये." एक मात्र सांगते, बाबा स्वतः वन्स मोअर द्यायला महाकंजूष. दुसऱ्यांचं पद कितीही रंगो, हे हाताची घडी घालून बसणार. मी घरी इतकी वर्षं वाजवलं, "बरं झालं"च्या पुढे त्यांची गाडी कधी गेली नाही.

मी अकरावी पास झाले त्या सुमाराला गुलूबाईंची वाडी त्यांच्या पुतण्यांकडे गेली आणि त्या परदेशी भाचीकडे जायला निघाल्या. चेलो जुना, मोलाचा. बोटीतून नेणं त्यांना झेपणार नव्हतं. तो त्यांनी मुंबईतल्या एका संगीतसंस्थेला द्यायचा शब्द दिला. संस्था दरवर्षी एका विद्यार्थ्याची निवड करून त्याला शिकवायची, राहायची सोय करायची, वाद्यही द्यायची. गुलूबाईंचा हिशेब सरळ होता. मी निवडले गेले की चेलो माझ्याच गुडघ्यात राहील. नाही निवडले गेले तर तो दुसऱ्या कोणाचा होईल, आणि डहाणूत काय, तलासरीपासून पालघरपर्यंत दुसरा चेलो नव्हता. म्हणजे मला वाजवणंच सोडावं लागणार होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच त्याबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं.

संस्थेचे मुख्य परीक्षक चेलो बघायला स्वतः डहाणूला आले. गोरेपान, सडसडीत, पांढऱ्या शर्टाचे. त्यांनी चेलो ठोकून पाहिला, दोन चिकू खाल्ले आणि मला वाजवायला सांगितलं. मी माझी फँटसिया वाजवली. शेवटच्या दौडीनंतर माझा श्वास फुलला होता. ते गुलूबाईंकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, मुलीचा हात चांगला आहे, पण निवडीच्या दिवशी हिला काहीतरी गंभीर वाजवायला सांगा. दुसऱ्याच्या गाण्यांवर कोलांट्या मारणं म्हणजे सर्कस. माझं इंग्रजी बेताचं होतं, पण सर्कस हा शब्द कोणालाही कळतो. आमच्या मैदानात सर्कस यायची तेव्हा मी झुल्यावरच्या बाईला हात सोडताना पाहिलं होतं. त्यात गंभीर नव्हतं असं काय होतं? परीक्षक गेल्यावर गुलूबाई म्हणाल्या, "तुजा हात, तुजा नसीब. तू बोल." मी म्हणाले, "फँटसियाच."

पुढे मी ते गंभीर संगीतही शिकले, आजही रोज सकाळी वाजवते, आणि ते मला फार आवडतं. पण ज्या संगीतात बोटांना उघड उघड आनंद होतो ते खालच्या पायरीचं, हे मला कोणी आजवर पटवून देऊ शकलेलं नाही. लोकांना आवडलेलं गाणं उचलायचं, त्याला जिवापाड सजवायचं आणि लोकांना परत द्यायचं, यात लाजायचं काय?

निवड म्हणजे संस्थेचा जाहीर कार्यक्रमच असायचा, दुपारचा. आम्ही डहाणूहून गाडीने गेलो. चेलोसाठी आईने गोधडी आणली होती, ती त्याला गुंडाळून दोन बाकांच्या मध्ये उभा केला. बाबा, आई, गुलूबाई आणि मंडळाची सहा-सात माणसं. नाटकाला जावं तसे सगळे जण परीटघडीचे कपडे घालून, आणि बरोबर पुरणपोळ्यांचा डबा. सभागृह थंडगार, खुर्च्या मऊ. दारात प्रत्येकाला एक छापील कार्ड दिलं गेलं. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की रचना संपेपर्यंत कृपया शांतता राखावी, टाळ्या शेवटीच. आमच्या लोकांनी त्या कार्डांनी वारा घेतला.

माझ्या साथीला संस्थेच्याच एक पियानोवाल्या बाई होत्या, केस पिकलेल्या, अबोल. मी सुरुवात केली. संथ चाल वाजवताना मला आईच्या कोयत्याची आठवण झाली आणि भीती गेली. पहिला फेर नीट गेला. दुसऱ्या फेरात मी अंगठा तारेवर टाकला, वर गेले, तिथे ती चाल टांगून ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा ती हलली नाही, तशीच राहिली. मग मी कोसळले, एकेक सूर सुटा ऐकू येईल असा, थेट जाड तारेवर. तिथे नोटेशनमध्ये एक लांब थांबा लिहिलेला आहे. आणि त्या शांततेत खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

बाबा होते. उभे राहिले होते, एक हात वर, नाटकात करतात तसा. मग आमची सगळी माणसं, "वन्स मोअर, वन्स मोअर!" आईसुद्धा, डबा मांडीवरून घसरला तरी. पुढच्या रांगांतल्या सगळ्या माना मागे वळल्या. परीक्षकांनी पेन्सिल टेबलावर दोनदा आपटली आणि मला पुढे वाजवायची खूण केली. मला काय करायला हवं होतं ते मला नीट ठाऊक होतं. ऐकलंच नाही असं दाखवायचं, तिसरा फेर सुरू करायचा, निवडून यायचं, चेलो ठेवायचा. पण मी बाबांकडे बघितलं. या माणसाने मला आजवर एक वन्स मोअर दिला नव्हता. तो कोणाला बरं वाटावं म्हणून ओरडणारा माणूस नव्हता. त्याने मागितलं होतं, आणि त्याला ते खरंच पुन्हा हवं होतं. मेलेला राजा उठत होता, मी तर जिवंत होते. मी पियानोकडे वळले. बाईंनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि, देव त्यांचं भलं करो, दोन पानं मागे उलटली.

मी तो फेर पुन्हा वाजवला. पहिल्यापेक्षा चांगला. खाली येताना एक जास्तीची तान घेतली, जी कुठेही लिहिलेली नव्हती. मग तिसरा फेर आणि शेवटची दौड. टाळ्या पडल्या, शेवटी, कार्डावर छापल्याप्रमाणे.

नंतर आम्हाला आतल्या खोलीत बोलावलं. परीक्षक, गुलूबाई आणि मी. बाबा दारातच उभे राहिले, चपला बाहेर काढून. परीक्षक रागावलेले नव्हते, हे मान्य करायला हवं. त्यांनी सावकाश मराठीत सांगितलं, "मुली, तुझी निवड होऊ शकते. पण हे आज जे झालं ते इथे चालत नाही. समितीची माफी माग. मग ती रचना पहिल्यापासून, न थांबता, पुन्हा आमच्यासमोर वाजव. दारं बंद करून. तुझी मंडळी बाहेर व्हरांड्यात थांबतील." मी काही बोलायच्या आधी बाबा दारातून म्हणाले, "विजू, माग माफी. चूक माझी आहे साहेब, आम्हाला गावात सवय आहे तशी. माग गं. आम्ही बसतो बाहेर, त्यात काय?" त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. मघाशी अख्खं सभागृह ज्याच्या आवाजाने हललं होतं, तो हाच माणूस आता आपले पाय बघत उभा होता. आणि मग सगळं एकदम थंड, स्पष्ट झालं.

मी म्हणाले, "सर, तुम्ही मला पुन्हा वाजवायला सांगताय. म्हणजे तुम्हीपण वन्स मोअरच मागताय. बाबांनीही तेच मागितलं. मग त्यांनी बाहेर का बसायचं? वाजवते ना, पण दार उघडं ठेवून."

परीक्षक गुलूबाईंकडे बघू लागले, त्यांनी मला समजवावं म्हणून. गुलूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "साचू बोलते छोकरी," त्या म्हणाल्या. "तुमी ज्याला सर्कस बोलता, ते ज्या लोकांसाठी लिहिलं, ते पण असेच ओरडत होते." परीक्षकांनी खांदे उडवले आणि समोरचा कागद उलटा केला. बस, एवढंच. माझी निवड झाली नाही.

गुलूबाईंनी शब्द दिला होता आणि त्या शब्द मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. चेलो मी तिथेच ठेवला. गज सैल केला, तारांवरची राळ फडक्याने पुसली, तो भिंतीला टेकवून उभा केला. आईने गोधडीची घडी केली आणि ती रिकामी गोधडी काखेत मारून आम्ही स्टेशनवर आलो. गाडीत विरार गेल्यावर बाबा म्हणाले, "माझ्यामुळे गेलं ना?" मी म्हणाले, "तुम्ही मागितलं म्हणून मी ते दुसऱ्यांदा वाजवलं, आणि दुसऱ्यांदा जास्त चांगलं झालं. तुम्ही गप्प बसला असतात तर ते मला कधीच कळलं नसतं." मग आईने डबा उघडला आणि सगळ्यांनी पुरणपोळ्या खाल्ल्या. मला रडू आलं ते घरी, कुंपणाच्या फटीपाशी. मी पोटभर रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण एकदाही असं वाटलं नाही की माफी मागायला हवी होती. तेव्हा नाही, त्यानंतर चेलोशिवाय काढलेल्या कोरड्या वर्षांत नाही, आज नाही.

गुलूबाई जाताना खुर्ची आमच्याकडे ठेवून गेल्या. "तारण सुटलं," म्हणाल्या. मी डीएड केलं, तलासरीला शिक्षिका झाले, बाबांच्याच एसटीने जात राहिले. पुढे केव्हातरी मुंबईच्या एका निवृत्त स्टुडिओ-वादकाचा चेलो विकत मिळाला. अंगठ्याला जुनी जागा सापडायला एक पावसाळा लागला. आता मी तलासरीच्या मुलांना चेलो शिकवते, आणि वर्षातून एकदा शाळेच्या हॉलमध्ये सिंहाची तोंडं असलेल्या खुर्चीत बसून वाजवते. कार्ड छापत नाही.

गेल्या आठवड्यात फोन आला. त्याच संस्थेतून, कोणी तरुण मुलगा, फार गोड बोलणारा. त्याने शाळेच्या हॉलमध्ये वाजवलेली माझी फँटसिया मोबाईलवर ऐकली होती. "मॅडम, हे संगीत आता पुन्हा लोकांना आवडायला लागलंय," तो मला सांगत होता. "आमच्याकडे एक जुना चेलो आहे, डहाणूहूनच आलेला म्हणतात. तुम्ही येऊन त्यावर वाजवाल?" मी अंगठ्यावरचा घट्टा चाचपून बघितला. मग मी म्हणाले, वाजवेन, पण माझी माणसं आत बसतील आणि मध्येच ओरडतील. तो घुटमळला. "मध्येच म्हणजे, मॅडम?" मी म्हणाले, "मध्येच म्हणजे मध्येच." विचारून कळवतो म्हणाला. अजून कळवलेलं नाही. कळवेल तेव्हा कळवेल.

बाबा नव्वदीचे आहेत. ऐकू कमी येतं, पण हा फोन त्यांना आतल्या खोलीत बरोबर ऐकू आला. आवाज पार बसलाय त्यांचा. तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की ते खुर्चीत ताठ बसतात, घसा खाकरतात, एक हात वर करतात आणि ते दोन शब्द ओरडून बघतात. पहिले दोन दिवस नुसती हवाच आली. आज सकाळी शेजारच्या बाई खिडकी उघडून विचारत होत्या, मास्तरांना काय झालं म्हणून.